फुलीची किंमत

१

डॉक्टर खुर्चीत बसल्या बसल्या गेले. नाकाला नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला प्राणवायूचा सिलिंडर आणि सिलिंडरच्या चावीवर वहिनींचा हात. कंपाउंडर जेवून परत आला, त्याने दार ढकललं आणि हे पाहून अशी बोंब ठोकली की गल्लीतली दुकानं अर्ध्या दुपारी रिकामी झाली.

"चावी बंद होती, मी चालू करत होते," वहिनी म्हणाल्या.

"चालू होती, ती बंद करत होती," कंपाउंडर म्हणाला.

चावी एकच, हात एकच. तो हात डावीकडे फिरत होता की उजवीकडे, एवढाच काय तो प्रश्न. पण त्या प्रश्नावर एका बाईचं उरलेलं आयुष्य टांगलेलं होतं.

वहिनींच्या बाजूने बोलावं असं फारसं काही नव्हतं. त्यांच्या नवऱ्याने दगडाची भुकटी करणाऱ्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं घातली. शेवटी शेवटी तो घोटभर श्वासाला महाग झाला होता. पलंगावरून मोरीपर्यंत जायचं तर वाटेत दोनदा भिंत धरावी लागे. कामगारांनी आरडाओरडा केला तेव्हा तपासणी झाली. एकेकाला यंत्रात फुंकायला लावलं आणि डॉक्टरांच्या सहीने निकाल छापून आला: कामगारांचा सरासरी श्वास साडेतीन लिटर, छाती ठणठणीत, भुकटीचा काही दोष नाही. कारखाना सुटला. नवरा सुटला नाही. तो गेला त्याच संध्याकाळी वहिनी डॉक्टरांच्या दारात उभ्या राहिल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुमचाही श्वास असाच कोंडेल. आणि तो मी बघेन."

या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली होती, पण असली वाक्यं गल्ली विसरत नाही. पोलिसांना ती तीन दुकानांत ऐकायला मिळाली.

वहिनींची नणंद कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी गावभर तिला अजून 'बाई'च म्हणत. वहिनींचा नवरा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. दादा. लहानपणी तो त्यांना खांद्यावर घेऊन टेकडीवर पळत चढायचा आणि वर पोचल्यावर त्याला साधी धापही लागायची नाही. साडेतीन लिटर वाचलं त्या दिवशी बाईंना टेकडी आठवली होती आणि मोरीजवळची ती भिंतही. ही सरासरी कुणाची, कुठून आली, कशी आली, हे त्यांनी तपासणीची आकडेमोड करणाऱ्या संस्थेला पुन्हा पुन्हा विचारलं. उत्तर कधी आलं नाही. राग मात्र राहिला. बाईंनी तो विझू दिला नव्हता. दिव्यात तेल घालावं तसं त्या रोज त्यात थोडं घालत आल्या होत्या.

कोठडीच्या गजांपलीकडे वहिनी ताठ बसल्या होत्या. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही.

"वन्सं, मीच मारलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "निदान फुकट तरी अडकले नसते."

"हळू बोला. ऐकतायत."

"ऐकू देत. पण एक सांगते. मी आपल्या पायांनी नाही गेले तिथे. त्यांचाच निरोप आला होता. 'या, मला तुमची माफी मागायची आहे,' म्हणाले. आणि मी पोचले तर माफी मागणारा गार पडलेला."

२

तपासावरचा इन्स्पेक्टर बाईंचाच विद्यार्थी. वर्गात शेवटच्या बाकावर डोकं टेकून झोपायचा, म्हणून सगळे त्याला झोपाळू म्हणत. आता पोट सुटलं होतं, मिशी आली होती, पण बाई समोर आल्या की हात आपोआप टोपीकडे जात.

"बाई, तुम्ही तर त्यांच्या घरच्या. खरं तर तुम्हाला आत घ्यायला नको."

"मग घेऊ नकोस. मी दारातून बघते."

अर्थात बाई आत गेल्या.

डॉक्टरांची खोली जशीच्या तशी होती. लाकडी खुर्ची, सिलिंडर, खिडकीत तुळतुळीत काचेची बरणी, कोपऱ्यात तपासणीच्या काळातलं ते फुंकायचं यंत्र. रोग्यांना फुप्फुसं काढून दाखवायला डॉक्टरांनी भिंतीवर एक फळा लावून घेतला होता. झोपाळूने त्याच्यावर चादर टाकून ठेवली होती. ती त्याने बाजूला केली.

"हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. पेपरवाल्यांना तर नाहीच. मेलेल्याचं तोंड बघण्यात वहिनींचंही लक्ष गेलं नाही म्हणतात, कंपाउंडर तर दारातूनच पळाला."

फळा डस्टरने घाईघाईत पुसलेला होता. पांढरे फराटे सगळीकडे. आणि उजव्या कोपऱ्यात, अगदी शाबूत, लांब शेपटीचे तीन नऊ: ९.९९.

"अक्षर डॉक्टरांचंच आहे, औषधाच्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहिलं," झोपाळू म्हणाला. "पण आहे काय ते? वेळ म्हणावी तर नऊ वाजून नव्व्याण्णव मिनिटं होत नाहीत. आमचा हवालदार म्हणतो, चपलेच्या दुकानातली किंमत."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"तुझ्या छातीवरच्या बिल्ल्याचा नंबर काय?"

"चारशे बारा."

"आणि तुझ्या हवालदाराचा?"

"आठशे तीस."

"मग तो तुझ्या दुप्पट शहाणा झाला का?"

"नाही हो बाई, नंबर म्हणजे नुसती ओळख."

"बरोबर. आकड्यासारखं दिसतं, पण ते नाव असतं. त्याला नामिक चल म्हणतात. तू झोपला होतास त्या दिवशी. खांद्यावरचे तारे मोजलेस तर वरचा कोण, खालचा कोण ते कळतं. तो क्रमिक. पोरं किती, ते मोजून सांगता येतं, अडीच पोरं कुणाला नसतात. तो खंडित. आणि तुझं हे पोट, ते अखंडित. कुठेही थांबत नाही."

झोपाळूने पोट आत घेतलं. "आणि हे नऊ नव्व्याण्णव?"

"हे माप नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली गेला की त्याला वाकून ऐकावं लागलं. "हे मापाचे कपडे घातलेलं नाव आहे. आणि ते ज्याने दिलं त्याला मी वीस वर्षं शोधते आहे."

३

तपासणीच्या वेळी यंत्रापाशी उभी राहून माप घेणारी सिस्टर अजून डॉक्टरांकडेच कामाला होती. झोपाळूचा दुसरा संशय तिच्यावर होता. ती जेवायला म्हणून बाहेर पडली होती, आणि डॉक्टर तिला येत्या महिन्यात काढणार अशी कुजबुज होती.

"काढणार कशाला?" सिस्टर फणकारली. "मीच सोडणार होते. पाय बघा माझे, खांब झालेत. दवाखानाच बंद करायचा ठरला होता. आणि हो, त्या दुपारी मी बहिणीकडे होते. बहीण, तिचा नवरा, सासू, सगळी जेवायला. विचारा."

झोपाळूने ते आधीच विचारलं होतं. जमत होतं.

"सिस्टर," बाईंनी विचारलं, "तपासणीत एखाद्याला फुंकताच आलं नाही, तर तुम्ही काय लिहायचात?"

"लिहायचं काय? फुली मारायचे." तिने हवेत बोटाने फुली काढली. "बिचारे तोंड लावायचे आणि खोकत बसायचे. काटा हलायचाच नाही. पुढे पुढे कारखान्यात तो शब्दच पडला हो. 'अमक्याला फुली लागली' म्हटलं की बायका समजायच्या, घरात रडारड चालू व्हायची."

"दादालाही?"

सिस्टरने मान खाली घातली. "त्यांनाही."

बाईंनी काठी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "डॉक्टरांना अलीकडे काही झालं होतं का? मनाला लागावं असं?"

"झालं होतं की. स्वतःला सिलिंडर लागल्यावर त्यांना एक दिवस काय सुचलं, म्हणाले, 'सिस्टर, ते जुनं यंत्र पुसून आणा, बघू मला किती येतो.' फुंकलं. काटा जागचा हलला नाही. आणि मी मेली सवयीची गुलाम, कागदावर फुली मारून बसले! ते त्या फुलीकडे बघतच राहिले. म्हणाले, 'सिस्टर, आपल्याकडे अशा पुष्कळ फुल्या होत्या. सरासरी काढली तेव्हा त्यांचं काय केलं?' मी म्हटलं, मला काय ठाऊक? कागद तिकडे संस्थेत जायचे, साहेब आकडेमोड करायचे. तेव्हापासून ते साहेबांना फोनवर फोन करत होते."

बाहेर रस्त्यावर आल्यावर बाईंनी काठीने मातीत पाच रेघा ओढल्या.

"ही पाच माणसं. चौघांना कसाबसा दोन-दोन लिटर श्वास येतो. पाचव्याला फुंकताच येत नाही. सरासरी किती?"

"चौघांची दोन. पाचवा... सोडून द्यायचा."

"शाबास. जागा आहेस. पण संगणकाला फुली कळत नाही, त्याला आकडाच लागतो. म्हणून जिथे माप नाही तिथे असा आकडा घालायचा की जो खऱ्या आयुष्यात येणंच शक्य नाही. दहा लिटर श्वास बैलालाही पुरे. म्हणून ९.९९. म्हणजे 'इथे काही नाही.' आणि मग यंत्राला बजावायचं, हे नऊ मोजू नकोस."

"आणि बजावलं नाही तर?"

"चार दुणे आठ, त्यात ते दहा. भाग पाचांनी."

झोपाळूचे ओठ हलले आणि मग तो थबकला. "साडेतीनच्या वर! म्हणजे बाई, जितकी माणसं जास्त मरायला टेकलेली..."

"तितकी सरासरी ठणठणीत. माझ्या दादाच्या कोंडलेल्या श्वासाने त्या कारखान्याची छाती फुगवली. ओळीने उभं करून मधला माणूस बघितला असता, मध्यक काढला असता, तरी तो दोनच आला असता. म्हणून मी मध्यक मागत होते आणि म्हणूनच तो मला कधी मिळाला नाही." बाईंनी काठीने रेघा मोडून टाकल्या. "कामगारांच्या घरी विचार, सिस्टरला विचार, सगळ्यांना फुली माहीत आहे. नऊ नव्व्याण्णव कुणालाच नाही. फुलीचा आकडा करणारा हात एकच."

"आकडेमोड करणारा साहेब. पण बाई, यातून जुनं पाप सिद्ध होतं. परवाचं नाही. फोनवर त्याने डॉक्टरांना आकडा सांगितला असेल आणि घरी बसून राहिला असेल. तो तर म्हणतो, वर्षभरात मी तिकडे फिरकलोसुद्धा नाही."

"म्हणतो ना? मग चल. तू बाहेरच्या खोलीत बसायचं आणि आज तरी झोपायचं नाही."

४

साहेब म्हणजे बाईंचाच आणखी एक विद्यार्थी. झोपाळू मागच्या बाकावर, तर हा पहिल्या. उत्तर विचारलं तीन, तर हा सांगणार तीन पूर्णांक शून्य शून्य शून्य. म्हणून पोरांनी त्याचं नाव दशांश ठेवलं होतं. हुशार खराच. खोड एकच, समोरचा चुकला की त्याला दम निघत नसे. मास्तर चुकले तरी हात वर, आई चुकली तरी हात वर. त्या तपासणीच्या अहवालावर त्याला संस्थेचं संचालकपद मिळालं होतं आणि आता त्याच्या खोलीला काचेचं दार होतं.

बाई काठी टेकत, जरा जास्तच वाकून आत शिरल्या.

"बाई! तुम्ही? सांगायचंत, गाडी पाठवली असती."

"अरे, कसली गाडी आणि कसलं काय. डोकं चालेनासं झालंय. शेजारणीच्या नातीची शिकवणी घेतली, आणि मलाच काही आठवत नाही. म्हटलं तुला विचारावं. तो मध्यक, तो म्हणजे सगळ्यांत जास्त वेळा येतो तो ना?"

दशांश सुखावून हसला. "तो बहुलक, बाई. मध्यक म्हणजे सगळे क्रमाने लावल्यावर मधोमध येतो तो."

"बघ! आणि परीक्षेतली श्रेणी, अ, ब, क, ती नामिक. नुसती अक्षरं."

"नाही नाही. क्रमिक. अ वरची, ब तिच्याखालची."

"आणि विस्तार म्हणजे सगळ्यांची बेरीज."

"अहो बाई! मोठ्यात मोठ्यातून लहानात लहान वजा. तुम्हीच तर शिकवलंत."

"शिकवलं असेन बाबा. आता सगळं धुऊन गेलं." बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "त्यात आमच्या वहिनींचं हे असं. मंगळवारपासून झोप नाही मला."

"बुधवार. बुधवारी झालं ते."

"बुधवार का? डॉक्टर पलंगावर झोपलेले होते म्हणे."

"खुर्चीत होते. पेपरात आलं होतं."

"आणि फळ्यावर वहिनींनी ही भलीमोठी फुली मारून ठेवलेली! त्या फुलीवरूनच पोलिसांनी..."

"कसली फुली, बाई? फळा कोरा होता."

वरचा पंखा कुरकुरत फिरत राहिला. बाईंनी पदर खाली घेतला. त्यांची पाठ आता वाकलेली नव्हती.

"कुठला फळा?"

"म्हणजे... पेपरात..."

"पेपरात फळ्याचं नावसुद्धा नाही. आणि वर्षभरात तू तिथे फिरकला नाहीस."

"बाई, तुमचा गैरसमज होतोय. मी आपला अंदाजाने..."

"अंदाज करणारा 'असेल' म्हणतो. तू 'होता' म्हणालास. आणि चुकलास. आयुष्यात पहिल्यांदा चुकलास. फळा कोरा नाही. कोपऱ्यात तुझा नऊ पूर्णांक नव्व्याण्णव आहे."

त्याचा चेहरा खडूसारखा झाला. "नाही. मी सगळं..."

"पुसलंस. डॉक्टरांनी तुला समोर बसवून फळ्यावर सगळं मांडलं असेल, नावं, मापं. ते पुसलंस. ९.९९ मात्र ठेवलंस, कारण ते तुला दिसलंच नाही. इतकी वर्षं तुझ्या डोळ्यांना तीच सवय. तो आकडा दिसला की तिथे काही नाही, पुढे चला."

दशांश टेबलाची कड धरून बसला होता. बोलला तेव्हा पहिल्या बाकावरच्या पोरासारखा बोलला. "आधी खरंच चूकच होती, बाई. यंत्राला बजावायचं राहून गेलं. कळलं तेव्हा सत्कार होऊन गेला होता. आणि आता तो म्हातारा म्हणत होता, कामगारांना बोलावतो, त्यांच्या बायकांना बोलावतो, सगळ्यांसमोर सांगतो. त्याचं काय जाणार होतं? तो मरायलाच टेकला होता. माझं सगळं जाणार होतं. मी नुसती चावी फिरवली. एवढीशी."

"उजवीकडे," बाई म्हणाल्या.

"उजवीकडे," तो म्हणाला. मागचं काचेचं दार उघडलं आणि झोपाळू आत आला. डोळे टक्क उघडे.

५

वहिनी सुटल्या. घरी येऊन त्यांनी अंघोळ केली आणि पहिला प्रश्न विचारला, "त्याचं काय करणार?"

"खटला चालेल. पण त्याआधी त्या जुन्या अहवालाची चौकशी बसली आहे. त्याचा वकील येऊन गेला माझ्याकडे. म्हणतो, साहेब सगळ्यांसमोर माफी मागायला तयार आहेत. न्यायाधीशाच्या कानावर बरं पडतं."

"मला नको त्याची माफी. एक मागणारा होता, तो मेला."

"मलाही नको," बाई म्हणाल्या. "मी त्याला दुसरंच मागितलंय."

चौकशीच्या दिवशी सभागृहात बसायला जागा नव्हती. पुढच्या रांगांत बायका होत्या. काही पांढऱ्या केसांच्या, काही लेकीसुनांच्या आधाराने आलेल्या. कुणी बोलत नव्हतं. दशांशला दोन शिपायांच्या मध्ये उभं केलं. अध्यक्षांनी बाईंच्या अर्जाप्रमाणे त्याच्या हातात कागद दिला. ज्यांच्या ज्यांच्या जागी ९.९९ घातला होता, त्यांची नावं त्यावर होती. ती त्याने मोठ्याने वाचायची. आडनावासकट, एकेक.

"वाचलेली धरली तर नाही चालणार का?" वकिलाने विचारून पाहिलं.

"नाही चालणार," अध्यक्ष म्हणाले.

दशांशने वाचायला सुरुवात केली. पहिल्या नावाला मागून एक हुंदका आला. दुसऱ्या नावाला एक म्हातारी उभी राहिली आणि उभीच राहिली. मग नाव आलं की त्या घरची बायको उठायची, खाली बसायची नाही. त्याला वर बघवेना. निम्म्यावर त्याचा आवाज बसला, त्याने पाणी मागितलं. शिपायाने अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी बाईंकडे. बाईंनी मान हलवली नाही.

आणि मग दादाचं नाव आलं. त्याने ते घाईने, पुटपुटत उरकलं आणि पुढच्या नावाला तोंड उघडलं.

पहिल्या रांगेतून वहिनी उठल्या.

"ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या.

त्याने पुन्हा वाचलं.

"ऐकू आलं नाही."

त्याने छातीवर हात ठेवला, मोठा श्वास घेतला आणि पुन्हा वाचलं. सभागृह इतकं शांत होतं की त्याची धाप शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होती.

"अजून नाही," वहिनी म्हणाल्या. "पुन्हा."

शेजारी बसलेल्या बाईंनी काही त्यांचा पदर ओढला नाही. वहिनींचे कान तेव्हा ठणठणीत होते. पुढेही मरेपर्यंत त्यांना भिंतीपलीकडचं बोलणं नीट ऐकू येत असे.